‘पाणी’, ‘हवा’ आणि ‘देखावा’ : महाबळेश्वरच्या पठारावरील एक शब्देतिहास

घर सोडून डोंगरात, रानात किंवा समुद्रकाठी केवळ तेथे चार दिवस राहण्यासाठी जाणे ही गोष्ट महाराष्ट्रात इंग्रजांनी आणली, असे आपल्याकडे पुष्कळदा गृहीत धरले जाते. पदव्युत्तर वर्गात हा प्रश्न निघाला की विद्यार्थी हेच उत्तर देतात, आणि प्रमाण म्हणून थंड हवेच्या ठिकाणांच्या स्थापनेचे सन सांगतात. सन बरोबर असतात. निष्कर्ष मात्र अर्धाच खरा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. माणसे का गेली याचे उत्तर सनावळीपेक्षा जाताना त्यांनी वापरलेल्या शब्दांत अधिक सापडते, आणि ते शोधण्यास महाबळेश्वरच्या पठाराइतके सोयीचे स्थळ नाही.

या पठारावर जुन्या वस्त्या दोन. एक क्षेत्र महाबळेश्वर. दुसरी माल्कमपेठ, म्हणजे आजची बाजारपेठ व तिच्या भोवतालचे बंगले. दोहोंत अंतर अवघे पाच-सहा किलोमीटरांचे. परंतु ज्या हेतूंनी माणसे या दोन ठिकाणी आली त्यांतील अंतर त्याहून पुष्कळ मोठे आहे.

क्षेत्री माणसे आली ती पाण्यासाठी. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचा उगम येथे मानलेला आहे, आणि पंचगंगेच्या देवळात त्यांचे पाणी गोमुखातून एकत्र पडते. गुरू कन्या राशीस आला म्हणजे, दर बारा वर्षांनी, भागीरथीही तेथे प्रकटते अशी श्रद्धा आहे. शिवाजी महाराजांनी १६६५ मध्ये मातोश्रींची सुवर्णतुला केली ती याच क्षेत्री. वाटेत रान लागे, कडे लागत, थंडी असे. पण यात्रेकरूच्या लेखी ती वाट होती, प्राप्तव्य नव्हे.

पाण्याचे हे महत्त्व धार्मिकच होते असे मात्र समजू नये. परगावी प्रकृती बिघडली तर मराठी माणूस आजही ‘तिथलं पाणी बाधलं’ असे म्हणतो, सुधारली तर ‘पाणी मानवलं’ म्हणतो. स्थळाच्या गुणदोषांचा भार या बोलीने हवेवर न टाकता पाण्यावर टाकलेला आहे. याच्या मागे वैद्यकशास्त्राची जुनी उपपत्ती आहे. चरक-सुश्रुतांनी भूमीचे जांगल, आनूप व साधारण असे तीन भेद सांगितले. कोरडा, विरळ झाडीचा तो जांगल देश आरोग्यास हितकर. पाणथळ, दाट झाडीचा तो आनूप देश रोगकारक. या हिशेबाने सरासरी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या पठारावर कोणताही वैद्य रोग्यास पाठविता ना. (त्याच ‘जांगल’ शब्दापासून झालेला ‘जंगल’ पुढे दाट झाडीचा वाचक झाला, हा अर्थविपर्यास अभ्यासकांना ठाऊक आहेच. पुढे तो इंग्रजीत गेला, तेथे स्वाहिली ‘सफारी’ त्याला भेटली, आणि ‘जंगल सफारी’ म्हणून जोडीने परत आला. आपल्याकडील ‘सफर’ आणि ही ‘सफारी’ एकाच अरबी धातूच्या लेकी आहेत याची दखल मात्र कोणी घेतलेली दिसत नाही.)

माल्कमपेठेत माणसे आली ती हवेसाठी. जनरल लॉडविक १८२४ मध्ये पठारावर आला. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ मध्ये आजारी युरोपीय सैनिकांकरिता येथे आरोग्यधाम उघडले, आणि १८२९ मध्ये साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्याकडून ही जागा खंडाळा गावाच्या मोबदल्यात मिळविली. सखल प्रदेशातील कुजट, दमट हवेतून ताप उत्पन्न होतो आणि उंचावरील हवा तो घालविते, हे त्या काळच्या युरोपीय वैद्यकाचे मत होते. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘दूषित हवा’ असा आहे. मराठीत ‘हवा खाणे’ हा प्रयोग फारसी-हिंदुस्थानी ‘हवाखोरी’च्या कुळातला, त्यात फेरफटका आहे, औषध नाही. ‘हवापालट’ मात्र निराळा. तो इंग्रजी प्रयोगाच्या साच्यावर घडला असावा, आणि त्यात डॉक्टरचा सल्ला अनुस्यूत आहे.

येथे एका गोष्टीची आठवण करून देणे अवश्य आहे. या आरोग्यदायी पठारावर सुमारे तीस वर्षे, १८६४ पर्यंत, चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता, आणि बटाट्याची व इतर विलायती भाज्यांची लागवड त्यांच्या हातून झाली. त्यांनीही तीच हवा खाल्ली. आणि घाटावरच्या बोलीत ‘रानात गेलेत’ याचा अर्थ आजही ‘शेतावर गेलेत’ असा होतो. ज्याचे पोट रानावर आहे त्याला ‘रानात जाणे’ ही सहल वाटत नाही.

१८९७ मध्ये रोनाल्ड रॉस याने सिकंदराबाद येथे मलेरियाचा जंतू डासाच्या शरीरात दाखविला, आणि दूषित हवेवरील आरोप फेटाळला गेला. तर्काने पाहता माल्कमपेठ ओस पडावयास हवी होती. तसे झाले नाही. उलट १९०७ मध्ये नेरळ-माथेरान रेल्वे सुरू होऊन दुसऱ्या एका पठाराकडे जाणारांची सोय झाली. ज्या उपपत्तीसाठी माणसे जात होती ती मोडली, तरी जाणे चालूच राहिले. आणि ‘हवापालट’ हा शब्दही, आतील वैद्यक गेल्यावर, सुखाने नांदला. म्हणून प्रवासी सांगतो ते कारण आणि त्याला बाहेर काढणारी ओढ ही एकच समजण्याची चूक इतिहासकाराने करू नये. ओढ जुनी असते; कारण त्या त्या काळच्या शास्त्राकडून उसने घेतलेले असते.

महानुभावांच्या आचारधर्मात ‘अटन’ व ‘विजन’ यांना स्थान आहे, आणि तुकोबा देहूजवळच्या भामचंद्र व भंडारा डोंगरांवर जाऊन बसत अशी परंपरा आहे. एकांताची ही गरज इंग्रजांच्या कितीतरी आधीची.

इंग्रजांनी खरोखर नवी आणली ती वस्तू म्हणजे ‘पॉइंट’. कड्याच्या टोकाशी उभे राहून दरीकडे नुसते पाहावयाचे, यासाठी मराठीत रुळलेला शब्द नव्हता. उंचावरून पाहण्याला आपल्याकडे ‘टेहळणी’ म्हणत, आणि ती शत्रूची करीत. म्हणून ‘पॉइंट’ भाषांतराविना राहिला, आणि त्याच्याबरोबर देखावा हाच प्रवासाचा हेतू बनला. आजचे शास्त्र त्यालाही कारण पुरविते. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेल्याचे दाखविले. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये रूढ केलेल्या ‘शिनरिन-योकू’ या संज्ञेचा शब्दशः अर्थ तर ‘वनस्नान’; म्हणजे फिरून पाण्याचीच भाषा.

गडांवर जाणाऱ्या तरुणांच्या बोलीत मात्र मला जुनाच पदन्यास ऐकू येतो. ‘चढाई’, ‘मोहीम’, ‘सर करणे’ हे त्यांचे शब्द लष्करी आहेत खरे. पण घरी परतल्यावर ते ‘राजगड केला’, ‘हरिश्चंद्रगड केला’ असे म्हणतात. हे ‘करणे’ सैनिकाचे नव्हे. ‘काशी केली’, ‘पंढरी केली’ यांतले ते आहे.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसह या पठारावर गेलो होतो. पंचगंगेच्या गोमुखाखाली एका मुलीने आजीसाठी बाटली भरून घेतली, आणि तासाभराने तीच मुलगी आर्थर सीटच्या कड्यावर वाऱ्याने केस विस्कटलेली, काही न बोलता पाऊण तास उभी होती. परतल्यावर सहलीच्या नोंदवहीत ‘प्रयोजन’ हा रकाना भरावयाचा होता. तिने तेथे लिहिले : हवापालट.