रूपकुंड : हाडे, गीत आणि आपण

हिमनदी सरकताना डोंगराच्या उतारावर जो खोलगट भाग कोरते त्याला भूगोलात हिमगव्हर म्हणतात. बर्फ ओसरले की त्यात पाणी साचते. उत्तराखंडात त्रिशूळ शिखराच्या परिसरात, सुमारे ५,००० मीटर उंचीवरचे रूपकुंड हे असेच एक तळे. व्यास जेमतेम ४० मीटर. वर्षातला बहुतेक काळ गोठलेले. १९४२ मध्ये एका वनाधिकाऱ्याला तिथे मानवी सांगाडे दिसले आणि हे एवढेसे तळे इतिहासात आले.

तर्क अनेक झाले. कुणाला ते जपानी सैनिक वाटले, कुणाला जनरल झोरावरसिंहाच्या तिबेट मोहिमेतले शिपाई. गढवाली लोकगीते मात्र वेगळेच सांगत होती. कनौजचा राजा जसधवल लवाजम्यासह, नर्तकींसह नंदादेवीच्या यात्रेला निघाला. देवी कोपली आणि तिने लोखंडासारख्या गारा बरसवल्या. २००४ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांचा सहभाग असलेली मोहीम तिथे गेली. काही कवट्यांवर वरून बसलेल्या गोल आघातांच्या खुणा आढळल्या. कालमापनाने नववे शतक दाखवले. काही नमुने कोकणस्थ ब्राह्मणांशी जुळतात, असेही तेव्हा सांगितले गेले. मौखिक परंपरेवर प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केले, याचा साहित्याच्या अभ्यासकाला आनंद व्हावा हे साहजिकच. (कोकणस्थांचा उल्लेख आपल्याकडे किती चवीने चर्चिला गेला असेल, ते सांगायला नको.)

मग २०१९ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात ३८ सांगाड्यांच्या जनुकांचा अभ्यास आला आणि ही सुबक गोष्ट विस्कटली. त्यांपैकी २३ जण दक्षिण आशियाई वंशाचे होते, पण एका जातीचे वा प्रांताचे नव्हेत. त्यांचे मृत्यूही सातव्या ते दहाव्या शतकांत विखुरलेले. म्हणजे एक राजा, एक लवाजमा, एक वादळ एवढ्यावर भागत नाही. उरलेल्यांत एक आग्नेय आशियाई, आणि १४ जणांची वंशरेषा भूमध्य सागराच्या पूर्व भागाशी, विशेषतः आजच्या ग्रीसशी, जुळणारी. हे पंधराही जण इसवी सन १८०० च्या सुमारास, बहुधा एकाच वेळी, दगावले.

गीत खोटे ठरले असे मला वाटत नाही. यात्रेची वाट याच तळ्यावरून जाते. नवव्या शतकाच्या आसपासच्या काही मृतांना ते लागूही पडेल. खोटी ठरली ती आपली घाई. एका जागी सापडलेल्या हाडांना एकच कथानक असणार, हे आपण पुराव्याआधीच गृहीत धरले होते. त्या चौदा जणांत स्त्रियाही आहेत. भूमध्य सागराकाठचे हे स्त्रीपुरुष नंदादेवीच्या वाटेवर कशासाठी आले, हे कोणत्याही ज्ञात गीतात नाही, दप्तरातही नाही.