उच्चशक्ती वस्तुभिंग : वापर व निगा

संयुक्त सूक्ष्मदर्शकाचे ४० पट व १०० पट वर्धनाचे वस्तुभिंग. १० पटीच्या नेत्रिकेसह त्यांतून अनुक्रमे ४०० व १,००० पट मोठी प्रतिमा दिसते. वर्धन वाढते तसे भिंग काचपट्टीजवळ आणावे लागते. ४० पटीचे टोक नमुन्यापासून साधारण अर्ध्या मिलिमीटरवर राहते, १०० पटीचे जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटरवर. या भिंगांची बहुतेक हानी याच तोकड्या जागेत होते, आणि ती घाईमुळे.

कोणते भिंग केव्हा घ्यावे, हे तुरीच्या उदाहरणावरून पाहू. जालना जिल्ह्यातील बदनापूर येथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र आहे. तुरीचे बीडीएन ७११, बीडीएन ७१६ हे वाण तिथलेच. तुरीचा मोठा वैरी म्हणजे मर रोग. तो फ्युजेरियम उडम या जमिनीतील बुरशीमुळे होतो. सुकू लागलेल्या झाडाचे खोड उभे चिरले की आत काळपट रेषा दिसतात, पण बुरशी ओळखायला सूक्ष्मदर्शकच लागतो. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्ल्यू या रंगद्रवाच्या थेंबातील तंतू आधी १० पटीवर शोधावेत. मग ४० पटीवर कोयत्यासारखे वाकलेले, आडपडदे असलेले बीजाणू स्पष्ट दिसतात. इथे तेलाची गरज नाही. मुळांवरील गाठींतल्या रायझोबियम जिवाणूंसाठी मात्र १०० पटीचे तैलभिंग घ्यावे लागते.

काचेतून हवेत शिरताना प्रकाश वाकतो आणि तिरपे किरण भिंगापर्यंत पोचत नाहीत. काचेइतकाच, म्हणजे सुमारे १.५१५ अपवर्तनांक असलेले तेल काच आणि भिंग यांच्या मध्ये आले की ते किरण वाया जात नाहीत. येनाच्या झाइस कारखान्यात अर्न्स्ट आबे यांनी १८७८ मध्ये अशी भिंगे सिद्ध केली. रॉबर्ट कॉख यांच्या जंतुसंशोधनाला त्यांचा मोठा आधार मिळाला.

तेलाचा एकच थेंब पुरतो. तो टाकल्यावर भिंग फिरवताना बाजूने, डोळे मंचाच्या पातळीवर आणून पाहावे. यानंतर मोठ्या चाकाला हात लावू नये. जुळवणी फक्त सूक्ष्म चाकाने करावी. प्रतिमा सापडतच नसेल तर चाक पुढे रेटू नये. काचपट्टी उलटी बसली असण्याची शक्यता दाट असते: आच्छादक काच ०.१७ मिलिमीटरची, पट्टी सुमारे १ मिलिमीटरची, त्यामुळे भिंग नमुन्यापर्यंत पोचण्याआधीच पट्टीवर टेकते. काही भिंगांचे टोक स्प्रिंगमुळे आत सरकते, पण ती सोय शेवटचा बचाव आहे.

सर्वांत जास्त सोसते ते ४० पटीचे भिंग. तेल टाकल्यानंतर कोणी सवयीने मागे फिरवतो आणि ते कोरडे भिंग थेट तेलात बुडते. विद्यार्थ्यांना ही एक गोष्ट पहिल्याच तासाला बजावून सांगायला हवी.

काम संपताच तेल भिंगकागदाने हलकेच टिपावे, रगडू नये. रुमाल, ओढणी, साधा कापूस वर्ज्य. जुने देवदाराचे तेल वाळून घट्ट बसते. तेव्हा कागदावर किंचित झायलीन घ्यावे, पण भिंगावर ओतू नये, कारण भिंगे बसवलेला चिकटपदार्थ त्याने सुटू शकतो. झायलीन ज्वालाग्राही आहे आणि जिवाणूंचा लेप पक्का करताना स्पिरिटचा दिवा शेजारीच पेटलेला असतो. आधी दिवा विझवावा, खिडकी उघडावी. आरशाच्या सूक्ष्मदर्शकात आरसा थेट सूर्याकडे कधीच वळवू नये, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

पावसाळ्यात भिंगावरच बुरशी धरते आणि काचेवर न पुसता येणारे ओरखडे कोरते. हवाबंद पेटीत सिलिका जेल ठेवावी व ओलसर झाली की तापवून पुन्हा वापरावी. भिंगाची तपासणी सोपी आहे: नेत्रिका काढून उलटी धरली की ती बहिर्गोल भिंगाचे काम करते आणि वस्तुभिंगाच्या टोकावरचा चरा, वाळलेले तेल किंवा बुरशीची जाळी लगेच दिसते.