कार्यालयीन खुर्चीची चाके

कार्यालयीन खुर्चीची चाके ही फिरत्या खुर्चीच्या तळाला बसवलेली, कोणत्याही दिशेला वळू शकणारी लहान चाके होत. आधुनिक खुर्चीला साधारणपणे पाच पायांचा तळ असून प्रत्येक पायाच्या टोकाला एक जोडचाक असते. चाक कोणत्या पदार्थाचे असावे, हे जमिनीच्या प्रकारावर अवलंबून असते. कठीण जमिनीवर मऊ चाक आणि मऊ जमिनीवर कठीण चाक, असा सर्वसाधारण नियम आहे.

इतिहास

इंग्लिश निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांनी १९व्या शतकात डाउन हाउस येथील आपल्या अभ्यासिकेतील खुर्चीला चाके बसवली होती. अमेरिकी संशोधक टॉमस वॉरेन यांची १८४९ मधील स्प्रिंगयुक्त फिरती खुर्ची १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात मांडण्यात आली; तिलाही चाके होती.

प्रकार

बैलगाडीच्या चाकाप्रमाणेच या चाकाच्या जमिनीला टेकणाऱ्या भागाला धाव म्हणता येते. ईएन १२५२९ या युरोपीय मानकात धावेवरून दोन प्रकार केले आहेत.

- एच प्रकार : कठीण धावेचे, बहुधा नायलॉनचे व एकरंगी चाक. ते गालिच्यासारख्या मऊ जमिनीसाठी असते.
- डब्ल्यू प्रकार : पॉलियुरेथेन किंवा रबराची मऊ धाव असलेले चाक. धाव व गाभा बहुधा वेगळ्या रंगांचे असतात. ते फरशी, दगड व लाकूड यांसाठी असते.

गुळगुळीत फरशीवर कठीण चाकाची पकड कमी असते. त्यामुळे बसताना किंवा उठताना खुर्ची मागे सरकून पडण्याचा धोका संभवतो. याउलट गालिच्यावर मऊ चाक दबते व खुर्ची ढकलण्यास अधिक जोर लागतो.

खानदेशातील जमिनी

जळगाव व धुळे जिल्ह्यांत उन्हाळा कडक व धुळीचा असतो. येथील कार्यालयांच्या जमिनी मुख्यतः कठीण असल्याने तेथे सामान्यतः डब्ल्यू प्रकार योग्य ठरतो.

- शहाबादी व कोटा फरशी : हे दोन्ही चुनखडकाचे प्रकार आहेत. चुनखडकातील कॅल्साइट या खनिजाची कठीणता मोह्स प्रमाणात ३, तर वाळूत आढळणाऱ्या क्वार्ट्झची ७ असते. त्यामुळे चाकाखाली आलेला वाळूचा कण फरशीवर ओरखडा पाडतो. सांधे खोल असल्यास मोठ्या व्यासाचे चाक सुलभ जाते.
- मोझॅक : संगमरवराच्या चुरीमुळे यावरही ओरखडे पडतात. फिकट फरशीवर काळ्या रबराचे डाग पडू शकतात. त्यासाठी डाग न पाडणारी धाव निवडतात.
- व्हिट्रिफाइड टाइल : ही चुनखडकापेक्षा कठीण, पण गुळगुळीत असते. येथे मुख्य प्रश्न घसरण्याचा असतो.
- सारवलेली जमीन : मातीत चाक रुतते व सारवण उखडते. येथे चाकांऐवजी सपाट टेकण असलेली खुर्ची योग्य ठरते.

जळगाव प्लास्टिकच्या चटयांच्या उत्पादनासाठी ओळखले जाते. मात्र अशी विणलेली चटई खुर्चीखाली अंथरल्यास ती गोळा होऊन चाकात अडकते. खुर्चीखाली घालायचा पत्रा जाड व न दुमडणारा असावा लागतो.

मोजमाप व बदल

चाक तळाच्या छिद्रात लोखंडी दांडीने बसते. अनेक खुर्च्यांमध्ये या दांडीचा व्यास ११ मिलिमीटर व लांबी सुमारे २२ मिलिमीटर असते; काहींमध्ये व्यास १० मिलिमीटर असतो, तर काहींच्या दांडीला आटे असतात. ११ मिलिमीटरच्या छिद्रात १० मिलिमीटरची दांडी सैल राहते व खुर्ची उचलताच चाक गळून पडते. म्हणून जुने चाक काढून दांडी मोजल्यावरच नवे चाक घेणे इष्ट असते. खुर्ची समतोल राहावी, यासाठी पाचही चाके एकाच वेळी बदलतात. रिकाम्या खुर्चीला आपोआप ब्रेक लावणारी चाकेही मिळतात.

देखभाल

केस, दोरे व कापसाचे तंतू आसाभोवती गुंडाळले गेल्यास चाक फिरण्याऐवजी घासत जाते व फरशी खराब होते. मऊ धावेतही खडे रुतून बसू शकतात. त्यामुळे योग्य प्रकारचे चाक असले, तरी त्याची वेळोवेळी सफाई आणि फरशीची रोजची झाडलोट आवश्यक असते.