खुर्च्या बनवणाऱ्या नवरा-बायकोने नऊ मिनिटांत अख्खं विश्व कसं दाखवलं? ईम्स दांपत्याच्या फिल्म्सची गोष्ट

समजा, छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात दुपारी एक माणूस चटईवर डोळे मिटून पडलाय. त्याच्या बरोबर डोक्यावर एक कॅमेरा आहे आणि कॅमेऱ्याला दिसतोय फक्त एक मीटर रुंदीचा चौकोन. त्यात माणसाचा हात, छाती, शर्टाची बटणं, एवढंच.

आता दर दहा सेकंदांनी हा चौकोन दहापट मोठा करायचा. दहा मीटरला चटई, डबा आणि शेजारची मंडळी दिसतात. शंभर मीटरला झाडं. एक किलोमीटरला उद्यानाला लागून असलेलं बसस्थानक. दहा किलोमीटरला बीबी का मकबऱ्यासकट बरंचसं शहर. शंभर किलोमीटरच्या चौकोनात दौलताबाद, वेरूळ आणि खालच्या कडेला पैठणचा नाथसागर येतो; जालना आणि अजिंठा अजून बाहेरच असतात. पुढच्या टप्प्याला मुंबई, नागपूर, हैदराबाद, अहमदाबाद सगळं एकाच चौकटीत. आणि त्यानंतर पृथ्वीचा गोळा.

एवढं व्हायला लागतात 70 सेकंद.

ही कल्पना 1977 मध्ये पडद्यावर आली. फिल्मचं नाव 'पॉवर्स ऑफ टेन', म्हणजे दहाचे घात. त्यातला माणूस शिकागोमध्ये तळ्याकाठच्या बागेत सहलीला आलेला आहे, एवढाच फरक. पृथ्वी मागे टाकून कॅमेरा सूर्यमाला, आकाशगंगा असं करत 10 चा 24 वा घात मीटर, म्हणजे साधारण दहा कोटी प्रकाशवर्षं रुंदीच्या चौकटीपर्यंत जातो. तिथून तो वेगाने परत येतो, झोपलेल्या माणसाच्या हाताच्या कातडीतून आत शिरतो आणि पांढरी पेशी, डीएनए, अणू असं करत थेट प्रोटॉनच्या आत पोहोचतो. सगळी फिल्म नऊ मिनिटांची. आज नकाशाच्या अॅपवर दोन बोटांनी झूम करताना कुणाला काही विशेष वाटत नाही. पण हे काम झालं तेव्हा घरोघरी संगणकही नव्हते. छायाचित्रं आणि चित्रं जोडून, एकेक फ्रेम घेऊन ते करावं लागलं.

मूळ कल्पना मात्र त्यांची नव्हती. कीस बुका या डच शिक्षणतज्ज्ञाने 1957 साली 'कॉस्मिक व्ह्यू' हे पुस्तक काढलं होतं. त्यात शाळेच्या आवारात बसलेल्या एका मुलीपासून असाच प्रवास सुरू होतो. या दोघांनी त्यावर आधी 1968 मध्ये एक कच्ची आवृत्ती करून पाहिली आणि नऊ वर्षांनी पक्की केली. 1998 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीने ती जतन करण्याच्या चित्रपटांच्या यादीत घेतली.

हे दोघे कोण?

चार्ल्स ईम्स (1907-1978) आणि रे ईम्स (1912-1988). 'रे' हे नाव वाचून अनेकांना आजही हे दोघे भाऊ वाटतात. रे ही चार्ल्सची बायको. ती मूळची चित्रकार, न्यूयॉर्कमध्ये हान्स हॉफमन यांच्याकडे शिकलेली. तो वास्तुशास्त्राचं शिक्षण घेतलेला. क्रॅनब्रुक या कला अकादमीत ओळख झाली, 1941 मध्ये लग्न झालं आणि दोघे लॉस एंजेलिसला आले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन नौदलासाठी वाकवलेल्या प्लायवूडच्या, जखमी पायाला बांधायच्या पट्ट्या बनवल्या. तेच तंत्र पुढे खुर्च्यांमध्ये आलं. ऑफिसात, विमानतळावर, कॅफेत दिसणाऱ्या एकसंध साच्यातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या बऱ्याचदा त्यांच्याच डिझाइनच्या नकला असतात.

कामावर नाव दोघांचं, पण श्रेय बहुतेक वेळा चार्ल्सच्या वाट्याला गेलं. 1956 मध्ये त्यांची प्रसिद्ध आरामखुर्ची अमेरिकन टीव्हीवर पहिल्यांदा दाखवली गेली, तेव्हाही रेची ओळख नवऱ्याच्या पाठीशी उभी असणारी बायको अशीच करून दिली गेली. रंग, वस्तूंची मांडणी, कोणत्या चित्रानंतर कोणतं चित्र यावं, या गोष्टींत रेची नजर होती, आणि त्यांच्या फिल्म्स उभ्या आहेत त्या याच गोष्टींवर.

डांबर, खेळणी आणि सात पडदे

दोघांनी मिळून शंभराहून जास्त छोट्या फिल्म्स केल्या. एकही थिएटरात तिकीट लावून चालवण्यासाठी नव्हती. काही कंपन्यांसाठी होत्या (आयबीएम हा त्यांचा मोठा ग्राहक), काही प्रदर्शनांसाठी, काही निव्वळ हौसेखातर.

हौसेच्या फिल्म्स जास्त मजेदार आहेत. 1952 च्या 'ब्लॅकटॉप'मध्ये शाळेचं डांबरी अंगण धुतलं जातंय. साबणाचा फेस आणि पाणी डांबरावरून वाहतंय, मागे बाखचं संगीत आहे. बस्स, एवढीच फिल्म. 1957 च्या 'टोकाटा फॉर टॉय ट्रेन्स'मध्ये जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या धावतात. कॅमेरा रुळांच्या उंचीवर ठेवलाय, त्यामुळे बोटभर गाडी खरीखुरी वाटायला लागते. 1955 मध्ये त्यांनी स्वतःच्या घरावर केलेल्या फिल्ममध्ये तर एकही हलतं दृश्य नाही. सगळी स्थिर छायाचित्रं, एकामागून एक, संगीताच्या तालावर.

स्थिर छायाचित्रांची हीच युक्ती 1959 मध्ये अमेरिकन सरकारने वापरून घेतली. शीतयुद्ध ऐन भरात असताना मॉस्कोत अमेरिकेचं प्रदर्शन भरलं. तिथल्या घुमटात ईम्स दांपत्याने सात मोठे पडदे टांगले आणि साधारण बारा मिनिटांत दोन हजारांहून जास्त छायाचित्रांतून अमेरिकेतला रोजचा दिवस दाखवला. हमरस्ते, घरं, सुपरमार्केट, माणसं. एका वेळी सात चित्रं दिसत असल्याने कुठे बघू आणि कुठे नको असं व्हायचं. शेवटी 'फर्गेट मी नॉट'ची फुलं होती; रशियन भाषेतही या फुलाच्या नावाचा अर्थ 'विसरू नका' असाच होतो. हा सरळसरळ सरकारी प्रचार होता. पण पडद्यांच्या भिंतीवर एकाच वेळी अनेक चित्रं दाखवण्याचा हा प्रकार नंतर जगभरच्या प्रदर्शनांत रुळला.

आता भारत

1955 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भारतीय कापड आणि अलंकारांचं मोठं प्रदर्शन भरलं. मांडणी अलेक्झांडर गिरार्ड या डिझायनरची. सोनेरी खांब, मध्ये पाण्याचं तळं, आरसा, वरून सोडलेल्या साड्या. एखादा काल्पनिक बाजारच. त्याच निमित्ताने झालेल्या कार्यक्रमांत उस्ताद अली अकबर खान यांचं सरोदवादन झालं आणि सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' जगात पहिल्यांदा दाखवला गेला. एका कापडाच्या प्रदर्शनाने एवढं काही घडवून आणलं.

या प्रदर्शनावर ईम्स दांपत्याने साधारण अकरा मिनिटांची फिल्म केली, 'टेक्स्टाइल्स अँड ऑर्नामेंटल आर्ट्स ऑफ इंडिया'. संगीत अली अकबर खान यांचं, निवेदनात पुपुल जयकर यांचा आवाज. या फिल्मची ताकद कळायला मराठवाड्याच्या माणसाला फार कष्ट पडू नयेत. पैठणीचा पदर लांबून बघितला तर झगमगतं सोनं दिसतं. तोच डोळ्यांजवळ धरला की प्रत्येक मोराचा रंग कुठे सुरू होतो, कुठे दुसऱ्या धाग्यात अडकवून थांबवलाय हे दिसायला लागतं, आणि पदर उलटला तरी नक्षी तशीच असते. ईम्सचा कॅमेरा कापडाच्या असाच जवळ जातो. आधी नक्षी, मग धागा.

पण या फिल्मची मर्यादाही इथेच आहे. तिचा विषय संग्रहालयात मांडलेल्या वस्तू हा आहे. त्यामुळे त्या विणणारा हात, माग आणि विणकराचं घर गोष्टीच्या बाहेर राहतं. पैठणला किंवा संभाजीनगरच्या हिमरूच्या मागावर जाऊन बसलेल्याला ही उणीव लगेच खटकेल. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम मिळून विणलेलं नक्षीचं कापड. मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा ही कला इकडे आली असं परंपरेने सांगतात. आज शहरात हातमागावर हिमरू विणणारे मोजकेच उरलेत. म्हणजे कापडाला संग्रहालयाची भिंत मिळते, तेव्हा विणकराच्या पोराला तो माग चालवावासा वाटत नसतो. अकरा मिनिटांच्या फिल्मने हे सगळं सोडवावं अशी अपेक्षा कुणी करणार नाही, पण प्रश्न तिथेही दिसला असता तर बरं झालं असतं.

तांब्याचा प्रश्न

तीन वर्षांनी, 1958 मध्ये, दोघे प्रत्यक्ष भारतात आले. भारत सरकारचं बोलावणं होतं आणि खर्च फोर्ड फाउंडेशनचा. नव्या स्वतंत्र देशात कारखाने येणार, मग रोजच्या वस्तूंचा दर्जा कसा टिकवायचा, हा प्रश्न होता. साधारण तीन महिने देश फिरून त्यांनी 'इंडिया रिपोर्ट' लिहिला.

त्यात सगळ्यात गाजलं ते लोट्याचं, म्हणजे आपल्याकडच्या तांब्यासारख्या भांड्याचं उदाहरण. असं भांडं नव्याने घडवायचं झालं तर काय काय विचारावं लागेल? पाणी किती मावावं, भरल्यावर तोल कुठे राहावा, कमरेवर, डोक्यावर, हातात कसं बसावं, धार कशी पडावी, आतून घासता येईल का, किंमत किती, मोडीत काय मिळेल, वाजवलं तर आवाज कसा येईल. आणि उत्तर असं की कुणा एका माणसाने ते घडवलेलंच नाही. कित्येक पिढ्यांनी मिळून घडवलंय. फिल्ममध्ये सुटलेला कारागीर इथे निदान विचारात तरी आला, नाव नसलेला का होईना.

या अहवालातून 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांनी तिची सुरुवातीची घडी बसवली. पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्यावरचं मोठं प्रदर्शन 1965 मध्ये न्यूयॉर्कला उघडलं, ते ईम्स दांपत्य आणि एनआयडीच्या मंडळींनी मिळून केलेलं होतं. महाराष्ट्रात डिझाइनचं शिक्षण आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये 1969 ला सुरू झालं. त्यामागे सुधाकर नाडकर्णी होते, पण ते जर्मनीतल्या उल्मच्या शाळेत शिकलेले. तो वेगळा प्रवाह.

केळीचं पान

1970-71 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या व्याख्यानांत चार्ल्सने दक्षिण भारतातली म्हणून एक गोष्ट सांगितली. गरीब माणूस केळीच्या पानावर जेवतो. जरा बरं असलेला मातीच्या ताटात, त्याच्या वरचा पितळेच्या, मग चांदी-सोन्याच्या. आणि त्याही वर असतो तो ज्याच्याकडे पैसा आहे आणि समजही आहे. तो परत केळीच्या पानावर जेवतो. 1972 मध्ये यावर एक छोटी फिल्मही केली गेली.

गोष्ट ऐकायला छान आहे. लग्नात स्टीलची ताटं बाजूला ठेवून मुद्दाम पत्रावळी मांडणारे लोक आज आहेतच. पण आपल्याकडे पान आणि ताट यांचा हिशोब नुसत्या पैशाचा किंवा आवडीचा कधीच नव्हता. कुणाला घरातलं भांडं द्यायचं आणि कुणाला वापरून टाकून देता येईल असं पान द्यायचं, हे जातीवरून ठरत होतं. ज्याला ताट नाकारलं गेलं, त्याचं पान आणि ज्याने ताट मुद्दाम सोडलं, त्याचं पान दिसायला सारखंच असतं. चार्ल्सच्या गोष्टीत हा फरक येत नाही. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाच्या नजरेतून तो निसटला, हे समजण्यासारखं आहे. आपण ती गोष्ट फॉरवर्ड करताना मात्र तो निसटून चालणार नाही.

शेवटी भोवरा

ज्याला एकच फिल्म बघायची असेल त्याने 'पॉवर्स ऑफ टेन' बघावी असं सगळे सांगतात. पण 1969 ची 'टॉप्स' तिच्यापेक्षा एक कणभर सरस आहे. साधारण सात मिनिटं, एकही शब्द नाही, एल्मर बर्नस्टाइनचं संगीत आणि 123 भोवरे. भारत, चीन, जपान, युरोप, अमेरिका, कुठकुठले. सावंतवाडीच्या चितारआळीत मिळतात तसे रंगीत लाकडी भोवरे खेळलेल्याला इथे काहीच समजावून सांगावं लागत नाही. दोरी गुंडाळणं, हात मागे नेणं, झटका, मग आरेवर स्थिर उभा राहिलेला भोवरा. कॅमेरा पुन्हा जमिनीलगत, आगगाडीच्या फिल्मसारखाच. मध्येच कुणीतरी साधी ड्रॉइंग पिन टेबलावर फिरवतं आणि तीही भोवराच होते. आणि या फिल्ममध्ये हात आहेत, दोरी ओढणारे, बोटांत काडी फिरवणारे.

चार्ल्स 21 ऑगस्ट 1978 ला गेला. रे त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, 21 ऑगस्ट 1988 ला. त्यांच्या संस्थेने, ईम्स ऑफिसने, 'पॉवर्स ऑफ टेन' यूट्यूबवर मोफत ठेवली आहे. मोबाइलवर बघायची असेल तर आडवा धरून, हेडफोन लावून बघावी.