दिव्याखालचे शेत

आमच्या घरी नवरात्रात घट बसत. पत्रावळीवर काळी माती पसरायची, तीत धान्य पेरायचे आणि नऊ दिवस पाणी घालायचे, हे काम माझ्याकडे असे. दसऱ्यापर्यंत देवघराच्या अंधारात वीतभर शेत उभे राही. पण ते पिवळे असे. पुढे दिवाळीत अंगणातल्या किल्ल्यावर आम्ही हळीव पेरीत असू, ते मात्र हिरवेगार होई. आजीला कारण विचारले, तर ती म्हणे, "देवाचे धान पिवळेच असते." खरे कारण शाळेत कळले. बियांतल्या शिदोरीवर अंकुर उंच होतो. परंतु उजेडावाचून त्याच्यात हरितद्रव्य येत नाही.

घरात पीक काढण्याची मनुष्याची हौस फार जुनी आहे. रोमचा बादशहा टायबेरियस (इ. स. १४ ते ३७) याला ताटात रोज काकडी लागे. प्लिनी सांगतो की, त्याचे माळी चाकांवरचे वाफे उन्हात ढकलीत नेत आणि हिवाळ्यात ते पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली ठेवीत. एका जिभेच्या चोचल्यासाठी केवढा हा खटाटोप! पण ऊन तेव्हाही आकाशातूनच येत होते, आणि तेही फुकट.

थंडीवर अशी तोड निघाली. मग पाळी आली मातीची. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात जॉन वुडवर्डने पुदिना नुसत्या पाण्यात वाढवून पाहिला. पावसाच्या स्वच्छ पाण्यापेक्षा माती कालवलेल्या पाण्यात तो अधिक जोमाने वाढला. म्हणजे रोपाला हवे असते ते मातीतले काही द्रव्य! ती द्रव्ये कोणती, हे १८६०च्या सुमारास जर्मनीत झाक्स आणि क्नोप यांनी निश्चित केले. पुढे कॅलिफोर्नियात गेरिक या प्राध्यापकांनी क्षारयुक्त पाण्यावर टोमॅटोचे २५ फूट उंच वेल चढवले आणि १९३७ मध्ये या विद्येला 'हायड्रोपोनिक्स' हे नाव रूढ केले. दुसऱ्या महायुद्धात असेन्शनसारख्या खडकाळ बेटावर अमेरिकन सैनिकांना ताजी भाजी मिळाली, ती याच विद्येमुळे. १९४६ मध्ये शोल्टो डग्लस यांनी बंगालात कालिंपाँग येथे हीच रीत साध्या, स्वस्त साधनांनी सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्याचे प्रयोग केले.

मातीही सुटली, उरली जागा. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डिक्सन डेस्पोमियर यांच्या विद्यार्थ्यांनी हिशेब मांडला की, मॅनहॅटनच्या सगळ्या गच्च्या पिकवल्या, तरी शेकडा दोन माणसांचेच पोट भरेल. तेव्हा गुरुजी म्हणाले, गच्चीच कशाला? मजल्यावर मजले चढवून आतच पिकवू! कल्पना मोठी मोहक होती. निळा प्रकाश देणारे एलईडी दिवे निघालेच होते (त्यांच्या जनकांना २०१४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले). तांबड्या दिव्यांच्या जोडीला ते लावले की बंद गोदामातही पाने हिरवी होत. पाण्याची मोठी बचत, कीड जवळजवळ नाही, पावसाची वाट पाहणे नाही.

आणि इथेच गणित फिरले. पीक अंगावरच्या उजेडातला शेकडा एखाद-दोन भागच साठवून ठेवते. सूर्य बिल पाठवीत नाही, म्हणून हा तोटा शेतकऱ्याला कधी जाणवला नाही. विजेच्या कंपनीचे बिल मात्र महिन्याच्या महिन्याला येते. सॅलडची पाने महिना-सव्वा महिन्यात तयार होतात, जवळजवळ सगळी खाता येतात आणि चढ्या भावाने विकली जातात, म्हणून ती कशीबशी परवडतात. गव्हाला महिनोन् महिने दिवे जाळायचे, त्यात काड वाढवायचे आणि अखेर दाणे वेचायचे, हे कोणाला परवडणार? न्यू जर्सीच्या एरोफार्म्सने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२४ मध्ये बावरी फार्मिंगला टाळे लागले. दिवे लावता लावता दिवाळे निघाले!

तरीही या विद्येची मी थट्टा करणार नाही. जिथे माती नाही, पाणी नाही, हिवाळा सरत नाही, तिथे ताजे हिरवे पान ही मोठीच गोष्ट आहे. पण उद्याची भूक गोदामे भागवतील, आता शेत आणि शेतकरी कशाला, असे कोणी म्हणू लागले, तर त्याने आमचे देवघर आठवावे. घटाचे धान आपण मोठ्या कौतुकाने टोपीत खोवतो. कणगीत भरायचे धान्य मात्र उन्हातल्या शेतातूनच आणावे लागते.