फलकावरील अक्षरे : मालवण किनाऱ्यावरचे एक दुर्लक्षित साधन

गावाचा जुना इतिहास लिहायला बसले की साधने ठरलेली असतात : देवळातील शिलालेख, घराण्यांकडची मोडी कागदपत्रे, इनामपत्रे, गॅझेटिअर. परंतु त्याच गावाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास लिहायचा झाला तर ही साधने पुरत नाहीत. या काळात गाव स्वतःबद्दल जे बोलले ते मुख्यतः फलकांवर बोलले. दुकानांच्या पाट्या, होड्यांवर रंगवलेली नावे, दशावतारी नाटकांच्या जाहिराती, जत्रांच्या कमानी, शाळांचे महोत्सव, श्रद्धांजलीचे फलक, मच्छीमारांच्या मोर्च्यांतील मागण्या, हा सगळा मजकूर कापडावर, पत्र्यावर आणि अलीकडे फ्लेक्सवर आहे. देवबागपासून आचऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात अशा फलकांची छायाचित्रे मी अनेक वर्षे जमवत आलो आहे. त्यांचा उपयोग करू जाता पहिली अडचण येते ती काळाची. फलकावर वार आणि तारीख असते, पण वर्ष बहुधा नसते. लिहिणाऱ्याला त्याची गरजच नसते, कारण वाचणारे त्या वर्षातलेच असतात.

अक्षरांची सजावट या कामी साक्षीला येऊ शकते, असे मला वाटते. अक्षराभोवतीची कड, त्याची सावली, त्याचा उठाव आणि त्याचे तुकडे कुठे जोडलेले दिसतात, यांवरून फलकाचा काळ बराच जवळून सांगता येतो. प्रस्तुत लेखात त्या पद्धतीची मांडणी केली आहे. ज्या तंत्राने ही साक्ष मिळते त्याच तंत्राने मजकुराचे मोठे नुकसान होत आहे, तेही शेवटी सांगायचे आहे.

पेंटरचा काळ

हाताने रंगवलेल्या पाटीचा काळ ठरवणे तुलनेने सोपे. एखाद्या जुन्या पाटीवर 'ता. मालवण, जि. रत्नागिरी' असे असेल तर ती बहुतेक १ मे १९८१ पूर्वीची, कारण त्या दिवशी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. कोपऱ्यात पेंटरची सही असेल तर त्याच्या कामाचा काळ गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून कळतो.

पाटी रंगवण्याचा क्रम ठरलेला असे. पत्र्याला आधी एका रंगाचा हात द्यायचा. तो वाळला की खडू लावलेला दोरा ताणून सोडायचा आणि वरची-खालची रेघ पाडायची. मग खडूने अक्षरांची जागा आखायची, चपट्या ब्रशने अक्षर भरायचे, बारीक ब्रशने कड काढायची आणि शेवटी एका बाजूला शेड मारायची. शेड कोणत्या बाजूला पडणार हे एकदा ठरले की पाटीवरच्या प्रत्येक अक्षराची शेड त्याच बाजूला. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची दिवाळी अंकांवरची मुखपृष्ठे, कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावे यांची कात्रणे नमुने म्हणून जपल्याचे मला काही जुन्या पेंटरांनी सांगितले. म्हणजे मुंबईचे अक्षर मालवणात पोहोचायला वर्तमानपत्र आणि दिवाळी अंक ही वाट होती.

यातील एक गोष्ट पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे. देवनागरी शब्द शिरोरेषेमुळे एकसंध असतो. पेंटर 'मालवण' हा शब्द भरतो तेव्हा त्याचा एकच आकार तयार होतो, आणि कड त्या सगळ्या आकाराभोवती सलग फिरते. छापखान्याला हे सुख कधीच नव्हते. खिळ्यांच्या काळात देवनागरीचे तुकडे करावे लागले. 'डिग्री' टाइपात अक्षर आणि मात्रा वेगवेगळ्या खिळ्यांवर असत, तर 'अखंड' टाइपात मात्रेसह पूर्ण अक्षर एका खिळ्यावर असल्याने खिळ्यांची संख्या भरमसाट वाढे. अक्षर तोडायचे किती आणि जोडायचे कुठे, हा छापखान्यातला प्रश्न पुढे संगणकात आला आणि तिथून थेट जत्रेच्या फलकावर गेला.

पेंटरचा डबा संगणकात

१९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाबरोबर मॅकपेंट हे चित्र काढण्याचे सॉफ्टवेअर आले. त्यात पेन्सिल, ब्रश, रंगाचा फवारा आणि रंग ओतणारे भांडे अशी चित्रे होती, आणि ज्या चित्रावर बोट ठेवावे ते हत्यार हाती येई. त्याच संगणकात अक्षरांसाठी जे मोजके प्रकार दिले होते त्यांत ठळक, तिरपे, अधोरेखित यांच्या जोडीला 'आउटलाइन' आणि 'शॅडो' होते. पाटी रंगवणाऱ्याची कड आणि शेड ही दोन्ही कामे अशी अगदी सुरुवातीलाच संगणकात शिरली.

आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांवर ज्या दोन सॉफ्टवेअरांनी राज्य केले त्यांपैकी कोरलड्रॉ १९८९ मध्ये कॅनडातून आले. फोटोशॉप १९९० मध्ये अमेरिकेतून आले. ते थॉमस आणि जॉन नोल या भावांनी लिहिले. दोहोंचा स्वभाव वेगळा. कोरलड्रॉमध्ये अक्षर म्हणजे बिंदूंमधून जाणारी वक्ररेषा. ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही, आणि बिंदू धरून ओढला की अक्षराचा आकार बदलतो. फोटोशॉपमध्ये शेवटी सगळे बारीक ठिपक्यांत उतरते.

आता मराठीची गोष्ट. १९९० च्या दशकात मराठी टाइप करण्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचे सुरेख, योगेश यांसारखे फॉन्ट आणि मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी वापरात आले. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. सी-डॅकच्या अशा फॉन्टमध्ये 'मालवण' लिहिताना अर्धा म, त्याचा दंड, काना, अर्धा ल, त्याचा दंड, अर्धा व, त्याचा दंड, अर्धा ण, त्याचा दंड असे नऊ तुकडे लागत. पडद्यावर ते एकमेकांना टेकून एक शब्द दिसे, पण आत नऊ वेगळे आकार असत.

अशा शब्दाला कोरलड्रॉमध्ये जाड कड दिली की ती प्रत्येक तुकड्याभोवती फिरते. त्यामुळे शिरोरेषेवर आणि दंडाच्या जोडावर बारीक रेघा उमटतात. उपाय होता : अक्षरांचे वक्ररेषांत रूपांतर करायचे आणि मग 'वेल्ड' म्हणजे सांधणी करून सगळे तुकडे एक करायचे. घाईत हे राहून जाई. जुन्या कापडी आणि फ्लेक्स फलकांवर शिरोरेषेला पडलेल्या या भेगा आजही दिसतात. त्या दिसल्या की दोन गोष्टी कळतात : फॉन्ट तुकड्यांचा होता आणि सांधणी झाली नव्हती.

फोटोशॉपमध्ये ही अडचण आपोआप टळते. तिथली 'स्ट्रोक' ही कड एका थरावर जेवढा भाग रंगलेला आहे त्या सगळ्याभोवती मिळून पडते. नऊ तुकडे एकमेकांवर चढलेले असले तरी बाहेरची कड सलगच निघते, पेंटरच्या हातची निघे तशी. जत्रांच्या आणि वाढदिवसांच्या फलकांसाठी फोटोशॉप एवढे रुळले त्यामागे छायाचित्रे बसवण्याची सोय हे मोठे कारण आहेच. पण देवनागरीचे हे सोपे होणे हेही एक कारण असावे, असा माझा तर्क आहे.

सजावटीवरून काळ

फोटोशॉपमध्ये थर म्हणजे लेयर १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. त्याआधी आणि त्यानंतरही काही वर्षे अक्षराची सावली हाताने करावी लागे : अक्षराची नक्कल करा, काळी करा, धूसर करा, थोडी सरकवा. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत सावली, तेज आणि 'बेव्हल' म्हणजे अक्षराला धातूसारखा उठाव देणे, हे सगळे तयार परिणाम म्हणून मिळू लागले. २००० च्या सहाव्या आवृत्तीत स्ट्रोकची कडही त्या यादीत आली. एका थराला मात्र एकच कड देता येई. लाल अक्षराला पांढरी आणि तिच्याबाहेर काळी अशी दुहेरी कड हवी असेल तर थराची नक्कल खाली ठेवून तिला अधिक जाड कड द्यावी लागे. एकाच थराला अनेक कडा देण्याची सोय २०१५ मध्ये झाली. सावली कोणत्या दिशेला पडावी यासाठी 'ग्लोबल लाइट' नावाची सोय होती. ती चालू ठेवली की सगळ्या सावल्या एकाच बाजूला पडत. पेंटरचा जुना नियम तोच.

हे टप्पे वापरताना एक काळजी घ्यायला हवी. नवी सोय आली म्हणजे दुकानदार लगेच नवी आवृत्ती घेतो असे नाही; जुन्या आवृत्त्या आपल्याकडे वर्षानुवर्षे चालल्या. म्हणून सजावटीवरून 'या वर्षाच्या आधीचा नाही' एवढेच सांगता येते. 'या वर्षानंतरचा नाही' असे सांगता येत नाही.

तरीही तेवढे पुरते, हे एका उदाहरणाने दाखवतो. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेचा दिवस तिथीवरून ठरत नाही, तो देवीचा कौल घेऊन ठरतो. त्यामुळे फलकावर वार आणि तारीख आवर्जून असते. समजा, अशा एखाद्या फलकावर 'बुधवार, २५ फेब्रुवारी' एवढेच आहे. पंचांग पाहिले तर १९९८, २००४, २००९, २०१५ आणि २०२६ या वर्षी २५ फेब्रुवारीला बुधवार येतो. अक्षरांना तयार स्ट्रोकची कड असेल तर १९९८ बाद. अक्षर मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेच्या 'बलू' या फॉन्टचे असेल, तर तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला असल्याने २०२६ खेरीज एकही वर्ष उरत नाही. मधली वर्षे उरलीच तर कोपऱ्यातील नेत्यांची पदे आणि छायाचित्रे निवाडा करतात. नाण्यांवरून राजाचा काळ काढण्याचीच ही रीत आहे.

मजकूर कुठे गेला?

आता नुकसानीकडे. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. युनिकोडमध्ये 'मालवण' नऊ तुकड्यांचे न राहता म, काना, ल, व, ण असे पाच संकेत झाले. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट आला आणि मराठी मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर न बिघडता जाऊ लागला. फोटोशॉपमध्ये मात्र तो दीर्घकाळ बिघडतच राहिला. 'सिंधुदुर्ग' हे नाव तिथे चिकटवले की पहिली वेलांटी स च्या पुढे जाई, आणि रफार ग वर न चढता र पाय मोडून वेगळा उभा राही. जिल्ह्याचेच नाव नीट लिहिता येत नसेल तर दुकानदार जुना फॉन्ट सोडणार कसा? २०१२ च्या सुमारास ॲडोबीच्या इनडिझाइन आणि इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिपींची सोय झाली. फोटोशॉपमध्येही नंतर ती आली, पण सेटिंगमध्ये जाऊन निवडावी लागे. गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून युनिकोड देवनागरी मांडू शकत होते. मी पाहिलेल्या दुकानांत मात्र ते आढळले नाही.

परिणाम असा की आपल्या किनाऱ्यावरचे हजारो फलक तुकड्यांच्या फॉन्टमध्ये तयार झाले. छपाईला पाठवताना समोरच्या संगणकावर तो फॉन्ट असेलच याची खात्री नसल्याने अक्षरांचे चित्र करून टाकले गेले. दुकानातली फाइल उघडली तर मजकूर एक तर नुसते चित्र असतो, किंवा फॉन्ट नसल्याने इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा निरर्थक गुंता. दोन्ही प्रकारांत संगणकाला विचारून 'वालावलकर दशावतार' किंवा 'पर्ससीन' हा शब्द सापडत नाही.

हे नुकसान केवळ अभ्यासकाचे नाही. पारंपरिक मच्छीमारांचा पर्ससीन जाळ्यांविरुद्धचा लढा मालवणच्या अलीकडच्या इतिहासातला मोठा अध्याय आहे. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. त्याची सरकारी बाजू आदेशांत आणि अहवालांत टिकून राहील. रापणकरांची बाजू मात्र त्यांच्याच शब्दांत जिथे लिहिली गेली ती जागा म्हणजे मोर्च्यातला फलक. तो फलक पावसाळ्यात मांगरावर ताडपत्रीच्या जागी जातो, आणि फाइलमध्ये शब्द उरलेले नसतात.

पेंटरच्या पाट्या अमर होत्या असे कोणी समजू नये. खाऱ्या हवेत पत्रा गंजतो, रंग पोपडे धरतो, आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळाने जुने-नवे असे काहीच निवडले नाही. पण पाटीचे अर्धे पोपडे उडाले तरी उरलेले अर्धे वाचता येते.

उपाय महागडे नाहीत. फलक करताना मूळ मजकूर युनिकोडमध्ये साध्या फाइलीत, पूर्ण तारखेसह आणि करणाऱ्याच्या नावासह जपावा. 'मुक्त', 'बलू', 'मोदक' असे मोफत युनिकोड फॉन्ट आता उपलब्ध आहेत, त्यामुळे सजावटीसाठी जुना फॉन्टच हवा हे कारण उरलेले नाही. गावच्या ग्रंथालयांनी वर्षाकाठी आपल्या हद्दीतील फलकांची छायाचित्रे घेऊन मजकुराची वही ठेवावी; शाळेतल्या मुलांना हे काम सहज जमेल. आणि ज्या डीटीपीवाल्यांकडे वीस-पंचवीस वर्षांच्या फाइली जुन्या हार्ड डिस्कवर पडून आहेत, त्यांनी त्या भंगारात देण्यापूर्वी जवळच्या ग्रंथालयाला एकदा विचारावे. ज्यांना त्या फाइलींतला फॉन्ट पाहताक्षणी ओळखता येतो ती माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत. हे काम त्यांच्यासोबत बसूनच व्हायला हवे.