पर्पेतुआचं स्वप्न

देव स्वप्नातून बोलतो, ही ख्रिस्ती परंपरेतली जुनी श्रद्धा. तो विषय निघाला, की मला पर्पेतुआ आठवते. इ.स. २०३, आजच्या ट्युनिशियातलं कार्थेज. सुमारे २२ वर्षांची ही लेकुरवाळी, ख्रिस्ती म्हणून तुरुंगात पडलेली. सुटका होणार की मरण, ते देवाला विचार, असं भावानं सुचवलं. उद्या सांगते, म्हणाली. केवढा हा विश्वास!

रात्री तिला आकाशाला भिडलेली अरुंद शिडी दिसली. कडांना तलवारी, भाले, पायथ्याशी महासर्प. त्याच्या डोक्यावर पाय देऊन ती चढली. वर बागेत पांढऱ्या केसांच्या मेंढपाळानं तिला चीजचा घास दिला. जाग आली तेव्हाही जिभेवर गोडवा होता, असं तिनंच लिहून ठेवलंय. भावाला तिनं स्वप्न सांगितलं. दोघं समजले : सुटका नाही.